अख्खा बोकड, वर कोळसा: पेटाऱ्यात भाजायचं कसं

बोकड खाली, विस्तव वर. या पेटाऱ्याचं तंत्र एवढंच, आणि नवखा माणूस चुकतो तोही इथेच. चूल, तंदूर, भट्टी सगळीकडे आच खालून नाहीतर बाजूने यायची आपल्याला सवय. इथे पेटीवर पत्र्याचा ट्रे झाकणासारखा बसतो, त्या ट्रेवर कोळसा पेटतो, ट्रे तापून लाल व्हायच्या बेतात येतो आणि खालच्या मांसावर आच सोडतो. मांसाची वाफ आतच कोंडते. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरून आच द्यायची रीत आपल्या घरांतून होतीच, हे तिचं मोठं रूप समजा.

हा पेटारा मुळात डुकरासाठी. क्यूबातून मायामीत गेलेल्या लोकांमुळे तो जगभर माहीत झाला, तिकडे त्याला ‘ला काहा चीना’ म्हणजे चिनी पेटी म्हणतात, आणि त्या नावाने तो १९८५ पासून तयार विकत मिळतो. खान्देशात मात्र मळ्यात पंगत बसवायची तर बोकडच. म्हणून खाली सगळी मापं आणि वेळा बोकडाच्या दिल्या आहेत. डुकराचं वेगळं काय ते पुढे थोडक्यात येईल.

फरक एकच पण मोठा. डुकराच्या अंगावर कातडी आणि चरबीचा जाड थर असतो, वरून आच आली तरी तो आतलं मांस सांभाळतो. बोकड सोलला की उघडा. त्याला चरबी, पान, तेल, पाणी हे सगळं आपण बाहेरून द्यायचं असतं.

पेटारा

फॅब्रिकेशनवाल्याकडे जाताना मापं कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. आतून ४२ इंच लांब, २१ इंच रुंद, १४ इंच खोल. यात सोललेला १० ते ११ किलोचा बोकड पसरून बसतो. बाहेरून १८ मिमी प्लायवूड, आतून स्टेनलेस स्टीलचं अस्तर, दोन्हींमध्ये इंचभर जागा ठेवून तिथे रॉकवूल, म्हणजे आच अडवणारी दगडी लोकर. वरच्या कडेला चारही बाजूंनी लोखंडी अँगल हवा, म्हणजे तापलेला ट्रे लाकडावर न टेकता लोखंडावर टेकेल. सनमायका मारलेलं किंवा भुशाच्या बोर्डाचं जुनं फर्निचर वापरून पैसे वाचवायचा मोह होतो. तो सोडा, दुसऱ्या तासाला गोंद जळल्याचा वास मांसात उतरतो.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा कुठेही नको, ना अस्तराला ना ट्रेला. त्यावरचा जस्ताचा मुलामा एवढ्या आचेला टिकत नाही आणि त्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. दुकानदार ‘हाच चालतो’ म्हणेल. त्याच्या कूलरला चालतो, आपल्याला नाही.

ट्रे ३ मिमी काळ्या पत्र्याचा, ४४ बाय २३ इंच. कडा धरून त्याचं वजन २० किलोच्या आसपास भरतं, म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन मुठी. हलका पडावा म्हणून दीड मिमीचा केला तर पहिल्याच दिवशी तो पापडासारखा वाकतो, कडेने फट पडते आणि निम्मी आच तिथून निघून जाते. ट्रेच्या तीन बाजूंना ३ इंच कड ठेवा, आणि एका आखूड बाजूला फक्त १ इंच. ही एक इंचाची बाजू फार कामाची आहे; राख इथूनच ओढून काढायची.

ट्रेच्या आत, तळापासून दीड इंच उंच, कोळशासाठी सळयांची जाळी. सळया १० मिमीच्या, मधलं अंतर पाऊण इंच. जाळी नसली तर कोळसा स्वतःच्याच राखेत रुततो आणि विझत जातो.

पेटीच्या आत तीन वस्तू लागतात. तळाला २ इंच खोल स्टीलचा ट्रे, रस गोळा व्हायला. त्यावर १ इंच पायांच्या दोन जाळ्या, ३८ बाय १९ इंचाच्या, स्टेनलेस सळईच्या. बोकड या दोन जाळ्यांच्या मध्ये धरायचा आणि बाजूंनी सहा आकडे अडकवायचे, म्हणजे उलटताना पाय निसटत नाहीत. हिशोब करून बघा: रसाचा ट्रे २ इंच, पाय १, बोकड ६. वर ५ इंच जागा उरते. ही ४ ते ५ इंचांची जागा राहायलाच हवी. बोकड कोळशाच्या ट्रेच्या २ इंचांवर आला तर वरून कोळसा, आतून कच्चा.

आखूड बाजूला मध्यावर ८ मिमीचं एक भोक पाडून घ्या, वायरचा थर्मामीटर आत न्यायला. बाकी कुठेही भोक नको.

पेटारा घरी आला की पहिल्यांदा रिकामाच तापवा. ४ किलो कोळसा, एक तास. काळ्या पत्र्याला कारखान्यातलं तेल असतं, ते जळून जातं. पाहुणे बोलावलेल्या दिवशीच पहिला विस्तव घातला तर सगळ्यांना आधी त्या तेलाचाच वास येईल.

कोळसा

बाभळीचा. वखारीत मिळतो, इस्त्रीवाले वापरतात तोच. वेड्या बाभळीचाही चालतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा: खणखणीत आवाज आला तर चांगला, भद्द वाजला तर ओला किंवा अर्धा कच्चा. कच्च्या तुकड्याच्या मध्यात तपकिरी गाभा दिसतो, तो तासभर धूर करतो. दगडी कोळसा अजिबात नको.

पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) आणि तुरकाठ्या आपल्याकडे ढिगाने, आणि भरताच्या वांग्यासाठी त्यांच्यासारखी आच नाही. पण त्यांचा निखारा दहा मिनिटंही टिकत नाही. इथे त्यांचं काम कोळसा पेटवून देण्यापुरतं.

१० किलोच्या बोकडाला १५ किलो कोळसा लागतो. २० किलो आणून ठेवा. आदल्या दिवशी तो घमेल्यात ओतून चुरा बाजूला काढा. लिंबापासून मोठ्या बटाट्याएवढे तुकडे राहू द्या. चुरा जाळीतून खाली पडून राखेचाच थर वाढवतो. बाजारात मिळणाऱ्या दाबून केलेल्या ठोकळ्यांचा कोळसा सावकाश आणि सारखा जळतो. तो मिळाला तर नवख्याला सोपा जातो. बाभळीचा लवकर भडकतो आणि लवकर उतरतो, त्याच्यावर लक्ष जास्त.

खाटकाला काय सांगायचं

वार बघून ठरवा म्हणजे निम्मे पाहुणे उपासाचे निघणार नाहीत, आणि खाटकाला तीन-चार दिवस आधी सांगून ठेवा. जिवंत वजन २० ते २२ किलो असलेला, वर्षाच्या आतला, खच्ची केलेला बोकड. सोलून, मुंडी-पाय आणि आतलं काढून तो १० किलोच्या आसपास उतरतो. मोठा दीड-दोन वर्षांचा घेतला तर मांडी चार तासांतही चिवट राहते, आणि खच्ची नसलेल्या थोराड बोकडाचा उग्र वास बंद पेटाऱ्यात आणखी वाढतो.

तीन गोष्टी त्याच्याकडून तिथेच करून घ्या. छातीचं हाड मधून चिरणं. मागच्या दोन मांड्यांमधलं हाड आतून फोडणं. आणि पाठीच्या कण्यावर आतल्या बाजूने दोन-तीन ठिकाणी सत्तूरचा हलका घाव, पाठीचं मांस न कापता. एवढं झालं की बोकड उघडलेल्या पुस्तकासारखा सपाट बसतो. घरी आणून विळी-कोयत्याने हे करायला जाल तर कणा तुटून दोन तुकडे होतात.

‘तुकडे नकोत’ हे निघताना पुन्हा एकदा सांगा. हाताच्या सवयीने घाव पडतो.

आतड्यांभोवती जाळीसारखी पांढरी चरबी असते, ती टाकून देऊ नका म्हणावं. ती आपल्या बोकडाचं पांघरूण आहे. कलेजी, वजडी, मुंडी घरच्यांसाठी वेगळी.

एवढ्यात २० ते २५ माणसं जेवतात. हाडं आणि भाजताना जाणारं पाणी धरून १० किलोतून साडेचार-पाच किलो मांस ताटात येतं.

आदली रात्र

मीठ मोजून. १० किलोला एकूण १४० ग्रॅम, त्यातलं ४० ग्रॅम आत टोचायच्या पाण्यात आणि १०० ग्रॅम वरून चोळायला. अंदाजाने घातलं तर मांडी अळणी आणि सीना (छातीचा भाग) खारट असं हमखास होतं, कारण मीठ पातळ भागात लवकर मुरतं.

टोचायचं पाणी: १ लिटर पाणी, ४० ग्रॅम मीठ, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, एक चमचा हळद, दोन लिंबं. वाटून, फडक्यातून दोनदा गाळून घ्या; एक कण राहिला तरी सुई तुंबते. ५० मिलीची नवी सिरिंज आणि जाड सुई. प्रत्येक मांडीत सहा ठिकाणी, प्रत्येक दस्तात (पुढच्या पायाच्या खांद्यात) चार ठिकाणी, म्हणजे वीस वेळा ५० मिली. सुई हाडापर्यंत न्या आणि मागे ओढत ओढत दाबा. एकाच जागी सगळं सोडलं तर पाणी भोकातून परत बाहेर येतं. सीना आणि चाप पातळ असतात, तिथे टोचायचं नाही.

चोळायचा मसाला: लसूण २५० ग्रॅम, आलं १५०, हिरवी मिरची १००, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, धने-जिरे पूड ६० ग्रॅम, लाल तिखट ६०, गरम मसाला २५, हळद २०, मीठ १००, शेंगदाणा तेल पाव लिटर. पाणी न घालता वाटायचं.

इथे खान्देशी माणसाचा हात आपोआप भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाकडे जातो. थांबा. ते आधीच काळपट भाजलेलं असतं. वरून तीन तास आच लागली की त्याचा कोळसा होतो आणि कडूपणा मांसावर बसतो. काळा मसाला इथे दोनच ठिकाणी घालायचा: बोकड उलटल्यावर तुपात कालवून, आणि रश्श्यात. साखर, गूळ, टोमॅटो यांचंही तेच. कच्ची पपई मांस मऊ करते खरी, पण रात्रभर ठेवली तर वरचं पाव इंच मांस चिकट लगदा होतं आणि आतलं तसंच राहतं. खच्ची, कोवळ्या बोकडाला तिची गरज नाही.

आता ठेवायचं कुठे. अख्खा बोकड घरच्या फ्रिजमध्ये मावत नाही, आणि रात्री उघड्यावर मसाला लावून टांगून ठेवायचा प्रकार खान्देशाच्या हवेत करू नये, थंडीतसुद्धा. मासेवाल्यांकडची थर्माकोलची मोठी पेटी घ्या. तळाला १० किलो बर्फ, त्यावर जाड स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाय दुमडलेला बोकड, वर आणखी १० किलो बर्फ पिशव्यांमधून, म्हणजे वितळलेलं पाणी मांसाला लागत नाही. आत ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात पारा बत्तिशीच्या वर असेल तर कच्चं मांस बर्फाबाहेर तासाभराहून जास्त ठेवायचं नाही. जळगाव-भुसावळला मार्चनंतर ही मर्यादा सकाळी नऊ वाजताच लागू होते.

खरं तर हा बेत दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा. तेव्हा भरताची वांगीही भरात असतात. पावसाळ्यात तापलेल्या ट्रेवर एक सर आली तरी ट्रे वाकतो आणि विस्तव विझतो. आखाडात पत्र्याच्या शेडमध्ये करू म्हणाल तर तेही नको. एवढा कोळसा बंद जागेत जळाला तर त्याचा वायू माणसं बेशुद्ध पाडतो, आणि त्याला वास नसतो.

मांडणी

जागा मोकळी, मातीची, सपाट. खळं उत्तम. कडब्याची गंजी, पऱ्हाट्यांचा ढीग, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी यांच्यापासून निदान पन्नास फूट लांब, आणि वाऱ्याने ठिणग्या त्यांच्याकडे जाणार नाहीत अशा बाजूला. पेटाऱ्याची लांब बाजू वाऱ्याला आडवी ठेवू नका. एका कडेचा कोळसा भडकतो, दुसऱ्या कडेचा मरतो.

रसाच्या ट्रेमध्ये दीड लिटर पाणी, अर्धा किलो चिरलेला कांदा, लसणाचे दोन अख्खे गड्डे. पाणी नसलं तर पहिल्या तासात गळालेली चरबी करपते आणि तिचा वास वर चढतो.

केळीची पानं जळगाव जिल्ह्यात विकत घ्यावी लागत नाहीत. आठ-दहा मोठी पानं आचेवर फिरवून मऊ करून घ्या, नाहीतर दुमडताना फाटतात. खालच्या जाळीवर दोन पानं, त्यांना पेनाएवढी दहा-बारा भोकं, म्हणजे रस खाली जाईल. बोकड पाठ खाली, फासळ्या वर असा पसरायचा. फासळ्यांची हाडं पहिले दोन तास आचेची ढाल होतात. जाळीदार चरबी मांड्यांवर आणि दस्तांवर ताणून घाला. पोटाची पातळ पाळी आणि सीना यांना दुहेरी पान गुंडाळून ओल्या सुती दोऱ्याने बांधा. वरची जाळी ठेवा, आकडे लावा. पानाचं एकही टोक वर उभं राहू देऊ नका.

थर्मामीटरची सुई मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता. हाडाला टेकली तर आकडा खोटा दाखवते.

विस्तव आणि घड्याळ

जेवण दीड वाजता असेल तर काडी नऊला लावा.

नऊ वाजता ट्रे पेटीवर बसवून कोळशाच्या जाळीवर ६ किलो कोळसा दोन ढिगांत घाला, एक मांड्यांच्या वर, एक दस्तांच्या वर. मध्ये पऱ्हाट्यांचे तुकडे आणि गोवरीचा चुरा खोचून पेटवा. रॉकेल-पेट्रोल नको. पंचवीस मिनिटांत ढिगांवर पांढुरकी राख दिसायला लागते, तेव्हा कोळसा पसरा. सगळीकडे सारखा नाही: दोन्ही टोकांना दाट, मध्ये फासळ्यांच्या वर निम्मा. वेळ मोजायची ती इथून, काडी लावल्यापासून नाही. बहुतेकांचा अर्धा तास इथेच चुकतो आणि मग ‘तीन तास झाले तरी कच्चं कसं’ सुरू होतं.

पहिला तास काहीच करायचं नाही. खरंच काही नाही. पाहुणे येतात, ‘बघू दे जरा’ म्हणतात. ट्रे उचलला की कोंडलेली वाफ आणि आच एका क्षणात जाते, ती परत यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तीन वेळा डोकावलात तर पाऊण तास गेला. लोकांचा जीव रमवायला वरच्या निखाऱ्यांवर भरताची वांगी ठेवा, सहा-सातच, टोकांना. जास्त ठेवली तर कोळसा झाकला जातो.

साडेदहाला ३.५ किलो नवा कोळसा, जळत्या कोळशावर पसरून. पेटीतली हवा जाळीपाशी १५० ते १८० अंश असावी. १४० च्या खाली गेली तर कोळसा कमी किंवा राख जास्त. २०० च्या वर गेली तर मधला कोळसा खुरप्याने टोकांकडे सारा.

साडेअकराला राख. हे काम नवख्यांना फालतू वाटतं, म्हणून जरा सविस्तर. राख म्हणजे रजई. ट्रे आणि निखारे यांच्यामध्ये दीड-दोन इंच राख बसली की वर कोळसा लालबुंद, हात जवळ नेता येत नाही, आणि खाली पेटी थंड होत जाते. माणूस गोंधळतो, आणखी कोळसा घालतो. त्याने राखच वाढते. उपाय असा. दोघांनी वेल्डरचे कातडी हातमोजे घालून कोळशाची जाळी जळत्या कोळशासकट उचलायची, जागच्या जागी दोनदा हलवायची आणि बाजूला मांडून ठेवलेल्या चार विटांवर ठेवायची. ट्रे पेटीवरच राहू द्या. तिसऱ्याने लांब दांड्याच्या खुरप्याने राख एक इंच कडेच्या बाजूला ओढून घमेल्यात घ्यायची. जाळी परत. सगळं तीन मिनिटांत, आणि पेटी एकदाही न उघडता. सुती हातमोजे, त्यातून ओले, वापरू नका. ओल्या कापडातून वाफेचा चटका लगेच आतपर्यंत पोचतो. राख निघाली की ३.५ किलो कोळसा पुन्हा.

सव्वाबाराच्या सुमारास मांडीत ८५ अंश दिसायला हवेत. ७१ ला मांस खायला सुरक्षित झालेलं असतं, पण बोकडाची मांडी त्या आकड्याला रबरासारखी लागते. तिच्यातले चिवट तंतू वितळून मऊ व्हायला वेळ आणि ८८ ते ९० अंश दोन्ही लागतात. मध्येच ७० ते ७५ वर आकडा वीस-पंचवीस मिनिटं अडून बसला तर घाबरू नका, मांसातलं पाणी वाफ होऊन आच खातं आहे. कोळसा वाढवू नका. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात सगळं मिळून अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

उलटणं आणि धुंगार

८५ झाले की ट्रे कोळशासकट उचलून विटांवर. दोघंच, पायाखाली काही नको, पोरंटोरं लांब. दोन्ही जाळ्या आकड्यांसकट धरून बोकड उलटा करा, पाठ वर. वरची जाळी काढा, पानं काढून टाका. २०० ग्रॅम तूप पातळ करून त्यात तीन मोठे चमचे काळा मसाला कालवून पाठीवर, मांड्यांवर ब्रशने लावा. ट्रे परत बसवा, २ किलो कोळसा घाला. आता वीस ते तीस मिनिटं. यावेळी मात्र दर दहा मिनिटांनी ट्रेचं एक टोक चार बोटं उचलून बघायची परवानगी आहे, कारण रंग चढतो तो शेवटच्या पाच मिनिटांत, आणि तिथून करपायला आणखी पाचच.

या पेटाऱ्यात धुराची चव येत नाही. कोळसा पेटीच्या बाहेर जळतो, धूर वर जातो. शेगडीवरच्या मांसासारखा वास अपेक्षित असेल तर तो वेगळा द्यावा लागतो, आणि आपल्याकडे त्याची रीत आहेच. मांडी ९० ला पोचली की वरचा ट्रे विस्तवासकट काढून लांब ठेवा. पेटीत कोपऱ्यात स्टीलची वाटी, तिच्यात एक लाल निखारा, दोन लवंगा, त्यावर चमचाभर तूप. थंड पत्र्याने पेटी झाका. पाच मिनिटं, दहा केलीत तर घसा धरतो.

मग अर्धा तास विसावा, वर पान आणि स्वच्छ कापड. लगेच कापलात तर टोचलेलं सगळं पाणी पाटावर वाहून जातं.

तेवढ्या वेळात खालच्या ट्रेमधला रस गाळून घ्या, वरची चरबी डावाने काढा. कांदा-खोबरं-लसणाचं भाजलेलं वाटण तेलात परता, काळा मसाला घाला, हा रस आणि गरम पाणी ओता, उकळी आणा. मीठ चाखून मगच. रसात ते आधीच उतरलेलं असतं. बोकडाची मांडी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, हा रस्सा आणि वरच्या निखाऱ्यांवरचं भरीत. कुणाला मांडी कमी पडली तरी रश्श्याची तक्रार येत नाही.

बिघडलं तर

वर काळं, आत लाल: बोकड ट्रेला फार जवळ होता, किंवा बर्फातून थेट पेटीत गेला. बर्फातून काढल्यावर कोळसा पेटेपर्यंतची पंचवीस मिनिटं सावलीत ठेवायचा, एवढंच. आता कोळसा निम्मा कमी करा, पान झाका आणि थांबा.

मांड्या कच्च्या, फासळ्या सुकून गेल्या: कोळसा मध्ये जास्त होता.

मांस शिजलंय पण उकडल्यासारखं पांढरट: उलटल्यावर आच कमी पडली, राख काढलेली नव्हती. राख काढून, २ किलो पेटलेला कोळसा घालून पंधरा मिनिटं.

ट्रेच्या कडेने वाफ येते: कड वाकली आहे. ओली माती लिंपा. भट्टीवाले करतात तेच, आणि चालतं.

आत काहीतरी पेटलं, दाट काळा धूर आला: पानाचं टोक नाहीतर चरबी. ट्रे उघडू नका. हवा न मिळाल्याने ते आपोआप विझतं. उघडलं तर भडका तोंडावर येतो.

डुक्कर असेल तर

पेटारा मोठा लागतो. ३० किलोच्या डुकराला आतून ४८ बाय २४ इंच, खोलीही १६. पाळलेल्या, बंदिस्त जागेत वाढलेल्या जनावराचंच घ्या. उकिरड्यावर फिरणाऱ्यात पट्टकृमी असू शकतात. कातडी ठेवायची, केस काढून खरवडलेली. पानं, जाळीदार चरबी, तेल काही नको. सुरुवातीला ७ ते ८ किलो कोळसा, दर तासाला ४ ते ४.५ किलो, खांद्यात ८८ ते ९० येईपर्यंत साडेतीन-चार तास. उलटल्यावर कातडी कोरडी पुसून मीठ चोळा आणि सुरीच्या टोकाने भोकं पाडा, कातडीपुरतीच. तिथून अर्ध्या तासात ती फुगून पापडासारखी कुरकुरीत होते. मीठ १५ ग्रॅम दर किलोला, आणि ते मांसाच्या बाजूने. कातडीवर ओला मसाला लावला तर ती चामड्यासारखीच राहते. जेवायला येणाऱ्यांना काय शिजतंय ते आधी सांगा, आणि जाळ्या-ट्रे या कामाला वेगळे ठेवा.

राख

वर पांढरी दिसणारी राख आत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जिवंत असते. ती उकिरड्यात टाकू नका, उकिरडा रात्री पेटतो. आदल्या दिवशीच दोन फुटांचा खड्डा खणून ठेवा, राख त्यात, वर दोन बादल्या पाणी, काडीने ढवळून पुन्हा एक बादली. तापलेल्या ट्रेवर मात्र पाणी ओतायचं नाही. तो संध्याकाळपर्यंत थंड होऊ द्या, मग तारेच्या ब्रशने घासून शेंगदाणा तेलाचं बोट फिरवा आणि उभा ठेवा, आडवा नको. आडव्या ट्रेवर शेतातल्या कोंबड्या बसतात आणि पावसाचं पाणी साचून एका हंगामात गंज धरतो.